इंग्लंडमधलं जुनं फार्महाऊस, बागेसकट विकत घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंट आणि ससेक्स या काउंट्यांमध्ये पसरलेल्या वील्ड नावाच्या टापूत आम्ही एक जुनं फार्महाऊस घेतलं. तेव्हापासून ओळखीतली मराठी मंडळी अधूनमधून फोन करतात: "एक घर बघितलंय, फार आवडलंय, पण भीती वाटते." भीती रास्त आहे आणि आवडणंही रास्त आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये खरेदीची रीत आणि कायदे वेगळे आहेत.

फार्महाऊस म्हणजे इथे नेमकं काय?

आपल्याकडे फार्महाऊस म्हटलं की कर्जत-मुळशीकडचा शनिवार-रविवारचा बंगला डोळ्यांसमोर येतो. इथे फार्महाऊस म्हणजे ज्या घरातून शेती चालायची ते घर. शेतकऱ्याचं कुटुंब आणि गडीमाणसं तिथेच राहायची, लोणी आणि बिअर तिथेच व्हायची. विसाव्या शतकात लहान शेतं मोठ्या शेतांत मिसळत गेली. जमीन शेजारच्याकडे गेली आणि घर, आवार, एखादं कोठार, दोन-चार एकर असं वेगळं विकलं गेलं. आज जाहिरातींत दिसणारी बहुतेक फार्महाऊसं अशी सुटी झालेली आहेत.

टापूप्रमाणे घर बदलतं. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड. डेव्हनमध्ये मातीच्या जाड भिंती आणि वर गवताचं छप्पर. तिथल्या जुन्या लांबट घरांत एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं एकाच छपराखाली राहत, हे वाचून कोकणातला किंवा देशावरचा माणूस चकित होणार नाही. वील्डमध्ये ओकचं लाकूड. इथे एके काळी घनदाट जंगल होतं. टेंटरडेन, बेनेनडेन, बिडेनडेन या गावांच्या नावांतलं 'डेन' म्हणजे जंगलातलं डुकरं चारायचं कुरण. म्हणून घरांचा सांगाडा ओकचा, वर भाजलेल्या मातीची चपटी कौलं, आणि शेजारी बहुधा हॉप्स (बिअरला चव देणारी फुलं) वाळवायची गोल किंवा चौकोनी भट्टी, जिला इथे ओस्ट म्हणतात.

जाहिरातीत "पंधरावं शतक" लिहिलंय. खरं कसं ओळखायचं?

दर्शनी भाग बघून काही ठरवू नका. अठराव्या शतकात पैसे हाताशी आले की लोक जुन्या लाकडी घराला पुढून विटांचा नवा, सरळ रेषेतला दर्शनी भाग चढवत. आतलं घर त्याहून तीनशे वर्षं जुनं असू शकतं.

टॉर्च घेऊन माळ्यावर जा. मध्ययुगीन घराच्या मधोमध एक मोठं दालन असायचं, जमिनीपासून छपरापर्यंत मोकळं. त्याच्या मध्यावर जमिनीवरच आगटी. धुराडं नव्हतंच, धूर कौलांच्या फटींतून जायचा. सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली, मग त्या उंच दालनात मधे तक्तपोशी घालून वरचा मजला झाला. पण छपराचे वासे तेच राहिले. म्हणून माळ्यावरचे वासे काजळीने काळे मिट्ट असतील तर ते घर त्या धुराच्या काळातलं. आमच्या घराच्या माळ्यावर असे सहा वासे आहेत. पहिल्यांदा हात लावला तेव्हा बोटं काळी झाली आणि मला चुलीजवळची आजी आठवली.

सुतारांच्या खुणाही शोधा. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत, मग जागेवर उभा करत. हे सांधे ओल्या ओकचे आणि लाकडी खुंट्यांनी बसवलेले. ओक जसजसा वाळतो तसा सांधा आणखी आवळतो. नक्की वर्ष हवं असेल तर तुळईतून बारीक नमुना काढून झाडाच्या वलयांवरून काळ ठरवता येतो.

असं घर मूळ रूपात बघायचं असेल तर वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटन गावी वील्ड अँड डाऊनलँड संग्रहालय आहे. तिथलं बेलीफ फार्महाऊस केंटमध्ये धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते सुटं करून तुळईन् तुळई इकडे आणलं आणि पुन्हा उभं केलं. घर बघायला जाण्याआधी एक दिवस तिथे घालवा. नंतर कुठल्याही जुन्या घरात शिरलात की भिंती वाचता येतात.

"लिस्टेड" म्हणजे काय?

राष्ट्रीय यादीत नोंदवलेली, कायद्याने संरक्षित इमारत. यादी हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था ठेवते आणि ती कोणालाही फुकट बघता येते. तीन दर्जे आहेत: एक, दोन-तारांकित आणि दोन. नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी दुसऱ्या दर्जाच्या आहेत आणि बहुतेक फार्महाऊसं त्यातच येतात. १७०० पूर्वीची, मूळ रूप बऱ्यापैकी टिकलेली जवळजवळ सगळी घरं यादीत असतात, १७०० ते १८५० मधलीही बरीचशी.

मग आतली एखादी भिंत पाडता येईल का? स्वयंपाकघर मोठं करायचंय.

कदाचित. पण आधी परवानगी. लिस्टिंग म्हणजे फक्त दर्शनी भाग जपायचा, हा गैरसमज आहे. आतला जिना, दारं, शेकोटीचा कोनाडा, गिलावा, सगळंच संरक्षणात येतं. आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची कोठारं आणि कुंपणाच्या भिंतीसुद्धा बहुधा येतात.

अर्ज स्थानिक कौन्सिलकडे करायचा. त्याला फी नाही. परवानगीशिवाय इमारतीचं स्वरूप बदलणारं काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. आणि खरेदीदाराने लक्षात ठेवायची गोष्ट पुढे आहे: आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी विनापरवाना प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील, तर त्या बदलायची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते. त्याला मुदतीची मर्यादा नाही. म्हणून सौदा करण्याआधी घरात दिसणारा प्रत्येक नवा बदल लिहून काढा आणि वकिलामार्फत विक्रेत्याकडे त्याच्या परवानगीचा कागद मागा.

कौन्सिलचा संवर्धन अधिकारी हा शत्रू नव्हे. आमच्याकडे आलेल्या बाईंनी तासभर घर बघून आमचा आराखडा बदलायला लावला. सगळं स्वयंपाकघर मागच्या, १९७० च्या दशकातल्या वाढीव भागात हलवलं. आज तेच बरोबर वाटतं. जुनी भिंत वाचली आणि उजेडही आला.

खर्चाबद्दल एक: लिस्टेड घरातल्या मंजूर बदलांवर पूर्वी व्हॅट लागत नसे. ऑक्टोबर २०१२ पासून ती सवलत गेली. आता बांधकामावर साधारणपणे वीस टक्के धरा.

सर्व्हेमध्ये, म्हणजे घराच्या तपासणीच्या अहवालात, "ओल" लिहिलंय. घर सोडून द्यावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. म्हणून सविस्तर लिहितो.

जुनं घर पाणी अडवत नाही. ते पाणी आत घेतं आणि बाहेर सोडतं. भिंती चुन्यात बांधलेल्या, वर चुन्याचा गिलावा, त्यावर चुन्याची सफेदी. पावसात भिंत थोडी भिजते, वारा लागला की वाळते. लाकडी सांगाड्याच्या चौकटींमध्ये फोकांची वीण आणि त्यावर माती, गवत आणि शेणाचा लेप असतो. कोकणातला कूड ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्या वाड्यांच्या भिंतीही अशाच होत्या. बैल जुंपलेल्या घाण्यात चुना मळत, तो आठवडेच्या आठवडे मुरवत.

विसाव्या शतकात सिमेंट आलं आणि लोकांनी चांगल्या हेतूने या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, वर प्लास्टिकयुक्त रंग लावला. सिमेंट कडक असतं. ओकचा सांगाडा ऋतूप्रमाणे हलतो, त्यामुळे सिमेंटला केसासारख्या चिरा जातात. चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. मग आतल्या आत तळाची तुळई कुजते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, आणि गिलावा काढला की ओकचा भुगा हातात येतो. आमच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यावर हेच झालं. अडीच मीटर तुळई नव्याने जोडावी लागली.

म्हणून ओल दिसली की पहिला प्रश्न "कोणतं रसायन टोचायचं?" हा नसावा. "पाणी कुठून येतंय आणि त्याला कोणी कोंडलंय?" हा असावा. बाहेर जाऊन बघा. पन्हळ गळतेय का? बाहेरची जमीन वर्षानुवर्षं भर पडून आतल्या फरशीपेक्षा उंच झालीय का? भिंतीला टेकून सिमेंटचा पदपथ आहे का? जमीन वीतभर खाली खणून, पन्हळ दुरुस्त करून आणि सिमेंट उतरवून बऱ्याच भिंती एका-दोन उन्हाळ्यांत वाळतात. ओल मोजायचं जे टोकदार यंत्र घेऊन लोक येतात ते मुळात लाकडासाठी बनलेलं आहे. जुन्या गिलाव्यात क्षार असले तरी ते मोठा आकडा दाखवतं. त्या आकड्यावर हजारो पौंडांचं काम देऊ नका. आम्हाला एका ठेकेदाराने सगळ्या तळमजल्याच्या भिंती तोडून जलरोधक लेप मारायचा अंदाज दिला होता. ते काम केलं असतं तर घराचं कायमचं नुकसान झालं असतं.

चुन्याच्या कामाला धीर लागतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला दिवसचे दिवस ओलसर ठेवावं लागतं आणि गोठणारी थंडी चालत नाही. म्हणून बाहेरचा गिलावा साधारण वसंत ते सप्टेंबर एवढ्याच काळात. कारागीर आधीच ठरवून ठेवा.

विल्यम मॉरिस आणि त्याच्या सोबत्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी स्थापन केलेली संस्था आजही काम करते. एसपीएबी असं तिचं लघुनाव. 'दुरुस्त करा, नवं रूप देऊ नका' ही तिची भूमिका आहे, आणि जुन्या घरांच्या मालकांना ती तांत्रिक सल्लाही देते. तिचा सल्ला मला फार उपयोगी पडला.

सर्व्हे कोणता करून घ्यावा?

तिसऱ्या पातळीचा, म्हणजे सगळ्यात सविस्तर. त्याहून महत्त्वाचं, सर्व्हेअरला लाकडी सांगाड्याच्या घरांचा अनुभव आहे का ते विचारा. चुना माहीत नसलेला माणूस जाडजूड अहवाल देईल आणि तो उपयोगाचा नसेल.

वाळवी, किडे, वटवाघळं?

आपल्याकडची वाळवी इथे नाही. ओकमध्ये भुंगेऱ्याची जुनी भोकं असतातच. ताजा भुसा पडतोय का एवढं बघा. वटवाघळांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागेला कायद्याचं कडक संरक्षण आहे, जागा त्या वेळी रिकामी असली तरी. छपराचं काम काढायचं असेल तर आधी पाहणी, आणि संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळं मोजायची पाहणी फक्त मे ते सप्टेंबरमध्येच होते.

बागेचं काय? दोन एकर सांभाळणं जमेल का?

जमेल, पण एकट्याने सगळी बाग नटवून ठेवायचा हट्ट सोडला तर.

फार्महाऊसची बाग कशी असावी हे शिकायला ईस्ट ससेक्समधल्या नॉर्दियम गावच्या ग्रेट डिक्स्टरला जा. पंधराव्या शतकाच्या मध्याचं लाकडी घर. १९१० मध्ये नॅथॅनिएल लॉइडने ते विकत घेतलं आणि एडविन लट्यन्सला बोलावलं, पुढे ज्याने नवी दिल्ली आखली तोच. त्याने बेनेनडेनहून मोडकळीला आलेलं आणखी एक जुनं लाकडी घर सुटं करून आणलं आणि शेजारी जोडलं. पण मला तिथलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे बागेची आखणी. कोठार, गोठा, ओस्ट काहीच पाडलं नाही. त्यांच्याच भिंती धरून आणि मधे यू झाडांची कुंपणं लावून बागेच्या खोल्या केल्या. जिथे गुरं उभी राहत त्या आवारात आज फुलं आहेत. लॉइडचा मुलगा क्रिस्टोफर याने जन्मभर ती बाग राखली आणि सत्तरी ओलांडल्यावर १९९३ मध्ये आईवडिलांच्या काळापासूनची गुलाबाची बाग उपटून तिथे मोठ्या पानांची, उष्ण प्रदेशातली वाटावी अशी झाडं लावली. घराच्या अगदी दारापर्यंत गवताचं फुलांनी भरलेलं कुरण येतं. ते बी पडल्यावर, उन्हाळा सरतानाच कापतात.

दोन एकरांचं उत्तर यातच आहे. घरालगतचा तुकडा मनापासून करा, उरलेलं कुरण ठेवा, जुनी सफरचंदाची झाडं असतील तर ती राखा. वर्षातून एकदा कापणी, कापलेलं गवत उचलून न्यायचं, खत घालायचं नाही. माती जितकी हलकी, निकस तितकी रानफुलं जास्त.

वील्डची माती चिकण आहे. हिवाळ्यात बूट सोडत नाही, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून बाग एकदा जूनमध्ये आणि एकदा जानेवारी-फेब्रुवारीत बघा. विक्रेते फोटो नेहमी जूनचेच लावतात. पाणी कुठे साचतं, घराकडे वाहतं का, हे फेब्रुवारीतच कळतं.

तपासायच्या आणखी काही गोष्टी. मोठ्या झाडांवर संरक्षण आदेश आहे का. आवारात अॅशचं झाड असेल तर ते मर रोगाने वाळतंय का; २०१२ पासून हा रोग देशभर पसरला आहे आणि घरावर झुकलेलं मोठं झाड उतरवणं महाग पडतं. बॉक्स नावाच्या झुडपाच्या कातरलेल्या कुंपणांना अळी लागलीय का. जपानी नॉटवीड नावाचं तण आहे का. विक्रेत्याच्या माहितीपत्रात तो प्रश्नच असतो, उत्तर नीट वाचा. तळं असेल तर त्यात संरक्षित जातीचे न्यूट (पालीसारखे दिसणारे उभयचर) असू शकतात, म्हणून तळं बुजवायचा विचार सहज करू नका.

नॅशनल गार्डन स्कीम १९२७ पासून खासगी बागा दानधर्मासाठी लोकांना खुल्या करते. उन्हाळ्यात थोडं तिकीट काढून फार्महाऊसच्या बागा बघता येतात आणि चहा-केक खाता खाता मालकाला थेट विचारता येतं की आठवड्याला किती तास जातात. असं खरं उत्तर दुसरीकडे मिळणं कठीण.

बागेतून लोकांची पायवाट जाते म्हणे?

अनेक फार्महाऊसांच्या आवारातून जाते. शेताशेतांतून गावकरी चर्चला, बाजाराला जात त्या या वाटा. कौन्सिलच्या अधिकृत नकाशावर असेल तर मालकाला ती स्वतःहून बंद करता येत नाही. आमच्या कोठारामागून एक जाते. रविवारी दहा-बारा माणसं जातात, नमस्कार होतो. मला त्रास नाही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जात असती तर विचार केला असता.

पाणी, सांडपाणी, उष्णता?

गावाबाहेर गॅसची लाइन नसते. तेलाची टाकी किंवा हीट पंप. सांडपाण्याला बहुधा सेप्टिक टँक असतो. त्याचं पाणी थेट ओढ्यात सोडायला आता परवानगी नाही. १ जानेवारी २०२० ही जुन्या टाक्या बदलायची मुदत होती. टाकी कुठे आहे, पाणी कुठे जिरतं आणि बदलली नसेल तर खर्च कोणाचा, हे सौद्याआधी ठरवा.

मी शेतकरी नाही, भारतीय नागरिक आहे. चालतं का?

हो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. इंग्लंडमध्ये ती अट नाही, नागरिकत्वाचीही नाही. मात्र घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. भारतातून पैसे पाठवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे.

सातबारा इथे नाही. त्याच्या जागी लँड रजिस्ट्रीतली मालकीची नोंद आणि नकाशा. एकाच कुटुंबात पिढ्यान्पिढ्या राहिलेलं घर अजून नोंदलेलंच नसू शकतं. मग वकील जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातून मालकी सिद्ध करतो आणि विक्रीनंतर पहिली नोंद होते. अशा वेळी कुंपणाची रेषा स्वतः चालून नकाशाशी ताडा.

वकिलाला दोन गोष्टी आवर्जून विचारा. एक, पुढे जमिनीवर बांधकामाची परवानगी मिळाली तर वाढीव किमतीतला हिस्सा जुन्या मालकाला द्यायचा, असं कलम आहे का. दोन, गावच्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीची जबाबदारी जमिनीवर आहे का. ऐकायला विचित्र वाटतं, पण वॉर्विकशरमधल्या एका फार्मच्या मालकांविरुद्ध असा दावा थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि २००३ मध्ये ते हरले.

किंमत ठरली, हात मिळवले. आता घर आपलं ना?

नाही. करारांची देवाणघेवाण होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. आमचं पहिलं पसंतीचं घर असंच गेलं. सर्व्हेचे पैसे भरून झाले होते, पडदे कुठले लावायचे हेसुद्धा ठरलं होतं, आणि विक्रेत्याने जास्त देणाऱ्याला दिलं. त्या दिवशी घरी कोणी जेवलं नाही. देवाणघेवाणीच्या वेळी साधारण दहा टक्के रक्कम द्यायची, त्यानंतर मात्र मागे हटता येत नाही. घराचा विमा त्याच दिवसापासून सुरू करा.

स्टँप ड्यूटी किती?

एप्रिल २०२५ पासूनचे दर असे: पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, पुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के, ९,२५,००० पर्यंत ५ टक्के, १५ लाखांपर्यंत १० टक्के, त्यावर १२ टक्के. म्हणजे नऊ लाख पौंडांच्या घरावर ३५,००० पौंड.

इथे मराठी कुटुंबांची एक चूक होते. पुण्यातला फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर तोही मोजला जातो, आणि नवं घर 'अतिरिक्त' ठरून संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के लागू शकतात. याच उदाहरणात आणखी ४५,००० पौंड. राहतं मुख्य घर विकून नवं मुख्य घर घेत असाल तर हा बोजा साधारणपणे लागत नाही. ब्रिटनमध्ये राहत नसाल तर आणखी २ टक्के. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून बोली लावण्याआधी वकिलाकडून आकडा लेखी घ्या.

घर बघायला जाताना काय न्यावं, काय विचारावं?

गमबूट, टॉर्च, शक्य तर पावसाचा दिवस. पावसात पन्हळीखाली उभं राहा, मग माळ्यावर जा, मग तळघर असेल तर तिथे. विक्रेता म्हातारा असेल आणि घरात जन्म काढलेला असेल तर एजंटला थोडं बाजूला ठेवून त्याच्याशी बोला. जुनी विहीर कुठे झाकलीय, छपराची कौलं शेवटची कोणी उतरवली, कुठल्या वाऱ्यात कुठली खिडकी गळते. आमच्या घराच्या आजीबाईंनी निघताना स्वतःच्या हाताने लिहिलेली एक वही दिली. त्यात कुठल्या झाडाची सफरचंदं कधी उतरवायची आणि माळ्यावर कुठल्या फळीवर पाय ठेवायचा नाही, हे लिहिलेलं होतं.